दारू सोडायचीय, पण मीटिंग भरते कुठं? बेळगाव, निपाणी, खानापूरकरांसाठी

पहिल्यांदा गेलो तेव्हा एएची, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांची, मीटिंग सापडलीच नाही. मोबाईलवर पत्ता मिळाला होता: कॅम्पातली एक शाळा, संध्याकाळी सात. मी साडेसहालाच जाऊन उभा. फाटकाला कुलूप. वॉचमननं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, ‘कसली मीटिंग?’ आता त्याला काय सांगणार? ‘पालकांची,’ म्हणालो आणि वळलो. घरी पोचलो तेव्हा खिशात दारूच्या टेट्रा पॅकची दोन रिकामी पाकिटं होती.

गटानं ती जागा केव्हाच सोडली होती, यादी जुनी होती. एवढ्याशा गोष्टीपायी माझे पुढचे सात महिने गेले. म्हणून ज्याला कुणाला सांगतो त्याला आधी हेच सांगतो: पत्ता बघून निघू नका, आधी फोन करा. बाकीचं सगळं त्यानंतर.

(नाव देत नाही. छापील मजकुरात, रेडिओवर, सिनेमात सभासदानं आपलं नाव-चेहरा पुढं करू नये, अशी आमच्यात परंपरा आहे. बेळगावातल्या शहापूरचा आहे, एवढं पुरे.)

ही मीटिंग म्हणजे काय

अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, बोलताना एए. १९३५ साली अमेरिकेतल्या अॅक्रन गावात एक शेअर दलाल आणि एक डॉक्टर, दोघंही पिणारे, एकमेकांशी बोलत बोलत दारूपासून लांब राहिले, तिथून हे सुरू झालं. भारतात १९५७ पासून आहे. फी नाही, अर्ज नाही, आधार कार्ड नाही. सभासद व्हायला एकच अट: दारू थांबवायची इच्छा. थांबलेली असावी असंही नाही, इच्छा पुरते. तिथं डॉक्टर नसतो, समुपदेशक नसतो, भाषण ठोकणारा पुढारीही नसतो. पिणारेच असतात, कुणी वीस वर्षांपूर्वी सोडलेला, कुणी कालच्या सोमवारी.

जायच्या आधी शरीराचं बघा

हे वगळून पुढं जाऊ नका. रोज सकाळी उठल्या उठल्या दारू लागणारा माणूस जोशात येऊन ‘आजपासून बंद’ म्हणतो, तेव्हा खरा धोका असतो. शेवटच्या घोटानंतर काही तासांतच हात थरथरायला लागतात, घाम सुटतो, उलट्या होतात, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भास होतात: भिंतीवर किडे दिसतात, नसलेली माणसं बोलायला लागतात, आपण कुठं आहोत ते कळत नाही. घरचे म्हणतात बाहेरचं काहीतरी लागलं, आणि देवऋष्याकडं नेतात. ते लागीर नव्हे, दारू तुटल्यामुळं येणारा आजार आहे आणि त्यात माणूस दगावू शकतो. आकडी आली किंवा भ्रम झाला तर १०८ लावा, वाट बघत बसू नका.

म्हणून आधी डॉक्टर. बेळगावात सिव्हिल, म्हणजे बिम्सचं हॉस्पिटल आहे, केएलईचं आहे. धारवाडला मानसिक आरोग्याची सरकारी संस्थाच आहे, डिमहान्स. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मानसोपचाराचे डॉक्टर कुठल्या वारी येतात ते ओपीडीच्या खिडकीवर विचारा. रोज किती घेता ते डॉक्टरला खरं सांगा. मी ‘दोन क्वार्टर’ म्हणालो होतो, होत्या चार. औषधाचा डोस त्यावर ठरतो, त्यामुळं तिथं अब्रू राखून काही फायदा नाही. झटके येऊ नयेत म्हणून काही दिवसांच्या गोळ्या आणि बी-१ जीवनसत्त्व असं साधारण देतात. काहींना भरती व्हावं लागतं. मीटिंग आणि औषध यांत भांडण नाही. ‘मीटिंगला येतोस ना, मग गोळ्या कशाला’ असं कुणी सभासद म्हणालाच तर ते त्याचं मत, एएचं नव्हे. गोळ्या डॉक्टरला विचारूनच बंद करायच्या.

आता शोधायचं

एएचं भारतातलं मुख्य सेवा कार्यालय मुंबईत आहे. ‘एए जीएसओ इंडिया’ असं गुगलवर टाकलं की त्यांचं संकेतस्थळ आणि हेल्पलाइन मिळते. तिथं आपल्या भागातला संपर्क मागा. आणखी एक, आपल्याकडच्याच माणसाला सुचेल असं: शहराचं सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगावी झालं, पण जुन्या याद्यांत इंग्रजी ‘बेलगाम’च राहिलंय. दोन्ही नावांनी शोधा.

दुसरा रस्ता सरकारी फोनचा. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय क्रमांक, १४४१६ हा टेलि-मानस, मानसिक आरोग्याचा. दोन्हीला पैसे पडत नाहीत. टेलि-मानसवर भाषा निवडता येते, मराठी आहे. हे एएवाले नव्हेत, पण रात्री दोन वाजता जीव घाबरा झाला तर बोलायला माणूस मिळतो, आणि जवळचा दवाखाना कुठला तेही विचारता येतं.

तिसरा रस्ता मला सगळ्यात भरवशाचा वाटतो. दवाखान्यातल्या मानसोपचार विभागात नर्स नाहीतर समाजसेवक असतात, त्यांना हळूच विचारा. एएचे लोक वॉर्डात रुग्णांना भेटायला जातात, त्यामुळं स्टाफकडं बहुधा कुणाचा तरी नंबर असतो. समोरचा मराठी नसेल तर ‘एए मीटिंग यल्लि नडीतैत्रि?’ एवढं कानडी पुरतं. शेवटचा ‘रि’ विसरू नका, त्यात मान आहे.

चर्चच्या ऑफिसातही विचारावं, कारण हॉल स्वस्तात मिळतो म्हणून बऱ्याच ठिकाणी गट चर्चमध्ये किंवा शाळेत भरतात. माझी आई यावर बिथरली होती. ‘बाटवतील रे तुला.’ मीटिंग चर्चच्या हॉलात असली म्हणून चर्चची होत नाही. गट जागेचं भाडं देतो, संबंध संपला. एए कुठल्याही धर्माशी, पक्षाशी, संस्थेशी बांधलेली नाही. आणि आपल्याकडं पक्ष म्हटलं की काय काय येतं ते सांगायला नको. सीमाप्रश्नावर आजवर मीटिंगमध्ये एक शब्द निघालेला मी ऐकला नाही. बेळगावात दीड तास या विषयाशिवाय जाणारी दुसरी जागा असेल तर मला कळवा.

नंबर मिळाला की फोनवर चार गोष्टी विचारा: या आठवड्यात मीटिंग नक्की आहे का, जागेची खूण काय, भाषा कुठली, आणि ‘ओपन’ की ‘क्लोज्ड’. क्लोज्ड म्हणजे ज्यांना स्वतःला दारूचा त्रास आहे त्यांच्यापुरती. ओपनला बायको, भाऊ, मित्र कुणीही येऊ शकतं.

मी दुसऱ्या खेपेला फोन केला तो असा झाला.

‘कुठनं बोलताय?’

‘शहापुरातनं.’

‘घेतलीय काय आत्ता?’

‘थोडी.’

‘बरं. उद्या सकाळी मीच फोन लावतो. उचला की.’

मला वाटलं, टाळलं गड्यानं. दुसऱ्या दिवशी आठ वाजता फोन वाजला. उचलला नाही. परत वाजला. उचलला. संध्याकाळी तो पहिल्या रेल्वे गेटजवळ स्कूटर घेऊन उभा होता. पहिल्या वेळी असं कुणी न्यायला येतंय का ते विचारा. बहुतेक वेळा येतात. त्यात त्यांचा स्वार्थ आहे, तो पुढं सांगतो.

गावातलं कुणी बघितलं तर?

दहातले नऊ जण इथंच अडतात. निपाणीतला माणूस म्हणतो, सगळं गाव ओळखतं. वडगावातला म्हणतो, गल्लीत बातमी पसरेल. अहो, गटारीच्या कडेला बसलेला सगळ्या गल्लीनं बघितलाय की आपल्याला. पण ही भीती असल्या उत्तरानं जात नाही हे मलाही माहीत आहे. तर मग सरहद्दीचा उपयोग करा. स्वस्त मिळते म्हणून आपण चोर्ला घाट उतरून गोव्याला जात होतो, तेव्हा लांब वाटलं नाही. निपाणी-चिकोडीकडच्यांना कोल्हापूर जवळ; निपाणीपासून चाळीसेक किलोमीटर. खानापूरकरांना बेळगाव, बस आहे, रेल्वे आहे. कारवार-जोयडाच्या बाजूला गोवा सोयीचा, तिथं एएचं काम जुनं आणि दाट आहे. पहिले दोन-तीन महिने बाहेरगावी जा, मग धीर आला की गावात. काही जण वर्षानुवर्षं बाहेरगावीच जातात, त्यातही चुकीचं काही नाही.

माझ्या बाबतीत भीती खरी ठरली. दारातून आत गेलो तर समोर आमच्याच गल्लीतला एक माणूस, वडिलांच्या वयाचा, सतरंजी झटकत होता. पाय जागीच थिजले. तो म्हणाला, ‘ये, बस की,’ आणि सतरंजीचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं. त्या गोष्टीला सहा वर्षं झाली. गल्लीत भेटला की आजही ‘जेवलास?’ एवढंच विचारतो. माझ्या बायकोलासुद्धा तो तिथं येतो हे त्याच्याकडून किंवा माझ्याकडून कळलेलं नाही. कोण भेटलं आणि काय बोललं, ते तिथंच राहतं. लेखी करार नसतो, पण ज्याची स्वतःची गोष्ट त्याच खोलीत पडलेली आहे तो दुसऱ्याची बाहेर नेत नाही.

त्या संध्याकाळी

दहा मिनिटं आधी जा. उशिरा गेलं की सगळे वळून बघतात, आणि पहिल्या दिवशी ते सोसत नाही. पोटात काहीतरी घालून जा. घेतलेली असली तरी जा, गप्प बसा, बोलायचं पुढच्या वेळी.

खोलीत भपका काही नसतो. आमच्याकडं एक ट्यूब, किरकिरणारा पंखा आणि दोऱ्यानं खिळ्याला अडकवलेला कापडी फलक, त्यावर बारा पायऱ्या, म्हणजे दारूपासून लांब राहायची एएची वाट. मीटिंग संपली की फलक गुंडाळून एकाच्या पिशवीत जातो, कारण खोली दुसऱ्याची. सुरुवातीला मनःशांतीची छोटी प्रार्थना होते. ‘देव’ शब्द येतो, पण ज्याला जसा समजेल तसा. आमच्यातला एक जुना लाल बावट्याचा कार्यकर्ता प्रार्थनेच्या वेळी हात मागं बांधून गप्प उभा राहतो, त्याला कुणी काही म्हणत नाही. मग थोडं वाचन. एएची पुस्तकं मराठीत आहेत, कानडीतही आहेत. त्यानंतर एकेकाचं ‘शेअरिंग’.

शेअरिंग म्हणजे माणूस उठतो, म्हणतो ‘माझं नाव अमुक, मी अल्कोहोलिक,’ आणि स्वतःबद्दल पाच-दहा मिनिटं बोलतो. मध्ये कुणी प्रश्न विचारत नाही, सल्ला देत नाही, ‘असं करायला नको होतंस’ म्हणत नाही. बेळगावच्या माणसाला दहा मिनिटं मध्ये न बोलता ऐकणं किती अवघड, ते तुम्हाला ठाऊकच आहे. तुमची पाळी आली तर ‘आज फक्त ऐकतो’ म्हणायची मुभा आहे. मी तीन मीटिंग तेवढंच म्हणालो. चौथ्या वेळी एकानं मुलीच्या फीचे पैसे कसे उडवले ते सांगितलं, आणि मला वाटलं की माझीच गोष्ट कुणीतरी याला सांगितली. त्या दिवशी तोंड उघडलं.

भाषेची भेळ असते. एक जण मराठीत सुरू करतो, अर्ध्यात कानडीवर जातो. कॅम्पातला कोंकणी मिसळतो, मिलिटरीतून आलेला हिंदी. सगळं कळलं नाही तरी चालतं. हात कसा कापत होता हे दाखवायला भाषा लागत नाही.

शेवटी एक डबा फिरतो. ज्याला जमेल त्यानं दहा-वीस टाकायचे. भाडं, चहा, पुस्तकं त्यातनं भागतात. बाहेरची देणगी एए घेत नाही. पहिल्या दिवशी टाकायची गरज नाही. नंतर चहा, बहुतेकदा बाहेर टपरीवर बाय-टू. घाईनं पळू नका. खरी ओळख त्या कपावर होते, आणि नंबर तिथंच मिळतात. दोन-तीन नंबर घेतल्याशिवाय घरी यायचं नाही.

एक मीटिंग बघून ‘आपल्याला जमत नाही’ ठरवू नका. निदान सहा करा, आणि जमलं तर दोन वेगळ्या गटांत. गटागटात फरक असतो; एखाद्या गटात जुनेच लोक तासभर आपापली जुनी कहाणी लावतात, तेही मी बघितलंय.

बायका, आणि घरातले

पिणाऱ्या बायका नसतात असं नाही, लपलेल्या असतात. इथल्या गटांत पुरुषच जास्त दिसतात, म्हणून बाईनं फोनवरच विचारावं की कुणी महिला सभासद भेटेल का. २०२० पासून झूमवर मीटिंग वाढल्या, मराठीतल्याही आहेत. कॅमेरा बंद ठेवून, इअरफोन लावून ऐकता येतं. घरात अडकलेल्या बाईला आणि जंगलातल्या जोयडावाल्याला हाच मोठा आधार आहे, फक्त रेंज पाहिजे.

घरच्यांसाठी वेगळी संघटना आहे, अल-अॅनॉन, १९५१ पासूनची. नवऱ्यानं सोडो न सोडो, बायको, आई, बहीण तिथं स्वतःसाठी जाऊ शकते. आपल्या भागात गट कमी, म्हणून ऑनलाइन किंवा कोल्हापूर-गोव्याकडं चौकशी करावी लागते. कर्नाटकातल्या कर्नाटकात जायचं तर शक्ती योजनेमुळं सरकारी साध्या बसला राज्यातल्या बायकांना तिकीट पडत नाही. सरहद्द ओलांडली की मात्र पडतं.

आणि घरच्यांना हात जोडून: स्टँडच्या भिंतीवर जाहिरात असते ना, ‘नकळत जेवणात मिसळा, दारू सुटेल’, त्या पावडरी आणू नका. त्यात काय असतं कुणाला ठाऊक नसतं. दारू सोडवण्याचं डायसल्फिरॅम नावाचं खरं औषध आहे, पण ते माणसाला सांगून, त्याच्या संमतीनं, डॉक्टरच्या नजरेखाली देतात. ते पोटात असताना वर दारू पडली तर तोंड लाल होतं, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो, जीवही जाऊ शकतो. भाजीत कालवून देण्याची ती वस्तू नव्हे.

खेड्यात गटच नसेल तर

कर्नाटकात धर्मस्थळच्या ग्रामविकास योजनेकडून गावोगाव मद्यवर्जन शिबिरं होतात. पिणारे आठवडाभर शिबिरातच राहतात. बचत गटातल्या बायकाच नवऱ्यांना आणून बसवतात. शिबिरानंतर त्याच लोकांची ‘नवजीवन समिती’ होते, ते नियमानं भेटत राहतात. कारभार कानडीतला, पूजा-भजनाचा बाज. तो मानवत असेल तर चांगला आसरा आहे. पुढचं शिबिर कधी ते गावातल्या बचत गटाच्या बाईला विचारा, तिला सगळं ठाऊक असतं.

माळेचं काय, हेही विचारतात. आपल्याकडं माळ घालून दारू सोडलेले कितीतरी आहेत, माझा चुलताच आहे. पण त्याची माळ टिकली ती सोमवारच्या भजनामुळं, तिथं दहा माळकरी त्याची वाट बघायचे. यल्लम्माचा भंडारा उचलून एकट्यानं घेतलेल्या माझ्या शपथा मात्र पंधरा दिवसांच्या वर गेल्या नाहीत, आणि मोडल्यावर देवीची भीती घालवायला आणखी प्यायलो. माळ असेल तर ती घालूनच मीटिंगला या.

सरकार बंद करेल यावर विसंबू नका. १ जुलै २००७ ला कर्नाटकात सारायी, म्हणजे स्वस्तातली देशी दारू, बंद झाली. आमचे वडील दुसऱ्याच महिन्यात क्वार्टरवर आले.

पहिले तीन महिने

नव्वद दिवसांत नव्वद मीटिंग असं जुने सांगतात. मुंबईत जमेल, आपल्याकडं आठवड्याला दोन भरल्या तरी नशीब. मग उरलेले दिवस फोनवर आणि झूमवर भागवायचे. शनिवारी पगार हातात येतो, तेव्हा संध्याकाळी साडेपाचला कुणाला तरी फोन, हे ठरवूनच टाका. पगार बायकोच्या खात्यावर. जुन्या रस्त्यावर वाईन शॉप लागत असेल तर लांबच्या रस्त्यानं घरी.

महिन्या-दोन महिन्यांत एक ‘स्पॉन्सर’ धरा, म्हणजे आपल्या आधी सोडलेला, पायऱ्या समजावणारा, कधीही फोन केलेला चालणारा माणूस. पुरुषानं पुरुष, बाईनं बाई. गोड बोलणाऱ्यापेक्षा फोन उचलणारा बघा. आणि त्याला उसने पैसे मागू नका, नातं तिथंच नासतं. मघाशी स्वार्थ म्हणालो तो हा: नव्या माणसाबरोबर बसलं की जुन्याची स्वतःची दारू लांब राहते. त्यामुळं रात्री फोन करताना उपकार मागतोय असं वाटून घेऊ नका.

घसरलात तर दुसऱ्या दिवशी परत जा. काढून टाकत नाहीत. मी अकराव्या आठवड्यात घसरलो, जत्रेत, मटणाच्या पंगतीला. पुढच्या मीटिंगला मान खाली घालून गेलो तर त्या म्हाताऱ्यानं सतरंजीचं टोक पुन्हा हातात दिलं. दिवस एकपासून मोजायचे, बस्स. वर्ष पूर्ण झालं की ‘वाढदिवस’ करतात, आमच्याकडं कुंदा वाटतात.

सण आधीच कॅलेंडरवर खुणा करून ठेवा: गावची जत्रा, रंगपंचमी, शिवजयंतीची चित्ररथांची रात्र, गणपती विसर्जन. ‘जाणारच नाही’ म्हणू नका, आपण बेळगावचे, जाणारच. पण कुणाबरोबर जाणार आणि किती वाजता निघणार ते दुपारीच ठरवा. ट्रॅक्टरच्या मागं बाटली फिरते, तिथं उभं राहायचं नाही. पुढं, ढोल-ताशाजवळ राहायचं. विसर्जनाच्या रात्री आमच्या गटातले चौघं मिळून जातो. साडेदहाला एक जण घड्याळ दाखवतो, अकराला कपिलेश्वर तलावापाशी चहा, आणि तिथून ज्याचं घर सगळ्यात लांब त्याला आधी सोडायचं.